आईचं 'काऊन'

तुम्ही काही म्हणा, पुण्याच्या 'का'ला आपल्या 'काऊन'ची सर नाही! परवा आमच्या वऱ्हाडाकडच्या आष्टीला घरी होतो, तेव्हा आईला एका कार्डवाल्या पोरीचा फोन आला. आई मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेली. शाळेत शुद्ध बोलायची, घरी अस्सल वऱ्हाडी. फोन कायम स्पीकरवर.

"मॅडम, तुम्हाला क्रेडिट कार्ड अगदी फुकट मिळतंय!"

"काऊन?"

"अकाउंट नाही मॅडम, कार्ड फुकट आहे."

"तेच तं इचारून राह्यली. काऊन?"

"अकाउंटला हात लागणार नाही मॅडम. म्हणजे, पहिलं वर्ष. दुसऱ्या वर्षापासून फी आहे."

"दुसऱ्या वर्षी काऊन?"

"अकाउंटमधून नाही हो, कार्डाच्या बिलात येते. ठरलेली खरेदी केली तर माफ."

मी तोंडात रुमाल कोंबून बसलो. आई नुसतं 'काऊन' म्हणत गेली आणि पोरीनं उशिराचा दंड, बाद होणारे पॉइंट, सगळं आपणहून ओकून टाकलं. माझी छाती अशी फुगली म्हणता!

शेवटी आईलाच दया आली. "बेटा, काऊन म्हणजे का. मी अकाउंटचं इचारतच नव्हती."

मग पोरगी हळूच म्हणाली, "काकू, मग नकाच घेऊ. मी पण नाही घेतलं."

"काऊन?"

या वेळी तिला बरोबर कळलं.

"विकतो आम्हीच ना, काकू. आमचाच भरवसा नाही!"