फोगाची मुळं

(थरच्या वाळवंटातली एक ढाणी, एकाच घराची वस्ती. ज्येष्ठातली सकाळ. हरकू बेरीच्या, म्हणजे अरुंद कच्च्या विहिरीच्या, तोंडावरची वाळू टोपलीत भरते आहे. तिचा धाकटा मुलगा भोमा उंटगाडी घेऊन आला आहे.)

भोमा : टोपली ठेव आता, माँ. पहाटेपासून तेवढंच चाललंय.

हरकू : ठेवली तर दुपारपर्यंत बेरी बुजेल. मग पाणी काय तू तोंडात भरून आणणार?

भोमा : म्हणून तर गाडी आणली. गोधड्या, भांडी, शेळ्या, सगळं बसेल. दादा तिकडे कालव्याशी वाट बघतोय.

हरकू : शेळ्या बसतील. मी नाही बसायची.

भोमा : मागची भिंत बघितलीस? वाळूचा अख्खा धोरा सरकत येऊन छपराला टेकलाय. एक मोठी आंधी आली की तुला उकरून काढावं लागेल.

हरकू : मी लग्न होऊन आले तेव्हा हा धोरा हलत नव्हता. चाळीस वर्षं एका जागी बसून होता बापडा.

भोमा : तेव्हा त्याच्यावर फोग होता. झुडूप एवढंसं, पण मुळं लांबलांब जाऊन वाळू धरून ठेवायची. बापू कोणाला काडी तोडू द्यायचे नाहीत.

हरकू : मला म्हणायचे, जळण हवं तर शेणी थाप.

भोमा : आणि त्यांच्याच बाराव्याला आपण जळणासाठी अख्खा धोरा खणला. सात गावांची पंगत. तीन दिवस भट्ट्या. कुदळ मारून मारून माझे तळहात फुटले होते.

हरकू : फोगाच्या मुळाची आग कडक. लापशी काय झाली होती! वर्षभर लोक नाव काढत होते.

भोमा : लापशीचं नाव झालं आणि धोरा सुटून बेरीवर आला. मला तेव्हाच वाटलं होतं, बापूंना हे आवडलं नसतं. पण दादा म्हणाला, एवढ्या मोठ्या माणसाचं मोसर, बाराव्याचं गावजेवण, लहान कसं करायचं? मी गप्प बसलो. ते अजून मनाला खातंय.

हरकू : तुझ्या गप्प बसण्यानं काही झालं नाही.

भोमा : बोललो असतो तर...

हरकू : तर मी तुझं तोंड बंद केलं असतं. जरा धर ही टोपली. बसू दे मला.

भोमा : बस. पाणी देऊ?

हरकू : नको. तुम्ही दोघं औषध आणायला गेला होतात, त्या दिवशी तुझ्या बापूंनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, माझं मोसर घालू नको. घरच्यांनी बाजरीची आंबील प्या आणि कामाला लागा. पंगत घातलीस तर पोरं फोगाला हात लावतील.

भोमा : असं म्हणाले?

हरकू : शुद्धीत होते.

भोमा : आणि तू आम्हांला सांगितलं नाहीस.

हरकू : नाही.

भोमा : का पण?

हरकू : जावा होत्या, नणंदा होत्या. म्हणाल्या असत्या, नवऱ्याला कुत्र्यासारखा वाटेला लावला. त्या बोलण्याची भीती वाटली. नवरा गेल्यापेक्षा जास्त वाटली, खोटं कशाला सांगू.

भोमा : तीन वर्षं मी झुरतोय, माँ.

हरकू : बघत होते. बघूनही बोलले नाही. म्हणून म्हणते, इथंच राहू दे मला. माझ्यामुळं बेरी बुजतेय, मीच उपसते.

भोमा : उद्या पुन्हा भरेल.

हरकू : भरू दे.

भोमा : मग मीही इथंच राहतो. बायकोला निरोप धाडतो, पोरांना घेऊन ये म्हणून.

हरकू : पोरांना इथं पाजशील काय?

भोमा : तेच तर विचारतोय मी.

हरकू : बेरीचा दोर सोडून गाडीत घे. चांगला आहे अजून.

भोमा : घेतो.

हरकू : आणि ऐक. माझ्या बाराव्याला कोणाला आवतण द्यायचं नाही.

भोमा : लोक नावं ठेवतील, माँ.

हरकू : कोण ठेवणार? सगळ्यांनीच आपापले धोरे खणले. सातही गावं उठून गेली.