डावीकडची जागा

दवाखान्याच्या बाकावर ड्रायव्हर जीव मुठीत धरून आपल्या नंबराची वाट बघत होता. डॉक्टरांच्या खोलीतून एक शिंपी हसतच बाहेर आला, गळ्यात टेप तशीच. त्याचा मेहुणा धावला.

“दाजी, काय म्हणाले?”

“काही नाही रे! डावी गोटी उजवीपेक्षा जरा खालीच असते म्हणे, बहुतेक सगळ्यांची.”

“आणि महिनाभर तुम्हाला अन्न गोड लागेना!”

“लागेना खरं.”

“पण पँट बेतताना तुम्हीच डावीकडे जागा जास्त सोडता ना?”

“सोडतो की. वडिलांनी शिकवलंय.”

“कशासाठी, ते नाही विचारलंत?”

“वडिलांना? असलं?”

ड्रायव्हरने आपला नंबर शेजारच्या म्हाताऱ्याला देऊन टाकला.

“मास्तर, थांबा जरा! दुकान कुठं आहे तुमचं?”