अकरा वाजून सात मिनिटं

घोड्यांचा फार्म बघून सगळे गाडीत बसले, पण ड्रायव्हर गाडी सुरू करायची सोडून मागच्या सीटवरच्या दोघी बहिणींचं ऐकत राहिला.

"ताई, घोडी व्यायली आणि तू चक्क ओरडलीस, 'अकरा वाजून सात मिनिटं!'"

"सवय गं. पस्तीस वर्षं प्रसूतिगृहात गेली."

"घोड्यांच्या डॉक्टरांनी मुकाट्याने लिहूनही घेतलं!"

"घेणारच. पण ते शिंगरू पाहिलंस? काड्यांसारखे पाय! तीनदा आपटलं, चौथ्यांदा उभं!"

"गाईड चला चला म्हणतोय, तू जागची हलेनास."

"कशी हलणार?"

"इतकी बाळंतपणं केलीस, तरी नवल वाटतं?"

"अगं, वेळ सांगितली की मी पुढच्या खाटेकडे पळायचे. नंतर काय होतं, ते आज पहिल्यांदा पाहिलं."