तीन नंबरचं मशीन मी बंद केलं

माझं नाव मंगल. माहेर लासूर स्टेशनचं, वडील धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचे, लग्न होऊन शहरात आले, आणि आता बारा वर्षं झाली, पैठण रोडवरच्या पंपावर पेट्रोल टाकते. आजी, तुम्ही म्हणता परदेशातल्या नातवंडांना लिहून पाठवायचंय, तर लिहा, पण माझ्यासारखीचं काय लिहिणार, सकाळी सहाला उभं राहायचं, गाडी आली की झिरो बघा म्हणायचं आणि नळी लावायची. झोपेतपण झिरो बघा म्हणते मी, असं आमचे मालक सांगतात. मालक म्हणजे घरचे, रिक्षा चालवतात. पंपाच्या मालकाला आम्ही शेठ म्हणतो.

तर काय सांगू तुम्हाला, गेल्या वर्षी आमच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पल्याड, दुसऱ्या कंपनीचा पंप उघडला. नवा कोरा, थंड पाणी, आणि पाटीवर भाव आमच्यापेक्षा एक रुपया कमी. रुपयाला काय येतं, असं तुम्ही म्हणाल, पण ते रिक्षावाल्याला विचारा. चार दिवसांत सगळ्या रिक्षा तिकडं. शेठ म्हणाले, मंगल, भाव कंपनीच्या हातात, तो मला कमी करता येत नाय, माणसंच कमी करता येतात, महिनाभर बघतो, मग दोघांना घरी बसावं लागेल. दोघं कोण ते सांगायची गरज नव्हती, बाया दोघीच होतो, मी आणि शबाना. पोरगी माझी नर्सिंगला, नुसत्या रिक्षावर आमचं भागत नाय.

त्यात एक दिवस मी रिकामी उभी, तर समोरच्या रांगेत ओळखीची रिक्षा. मागं आमच्या पोरीचं नाव. शबाना म्हणली, दीदी, वो देखो, तुम्हारे घर की सवारी. घरी मालकांना विचारलं तर म्हणले, पेट्रोलला काय नातं असतं व्हय, रुपया तो रुपया. तेवढंही ठीक होतं. पण पुढं म्हणले, आणि स्टँडवर सगळे म्हणतात, तुमच्या पंपावर मापात मारतात.

ते लई लागलं मला. बारा वर्षं या हातानं टाकते. म्हणलं, उद्या सकाळी सहाला या, बोलणाऱ्यांनाही घेऊन या.

आमच्यात असं असतं आजी, की रोज विक्रीच्या आधी प्रत्येक मशीनमधून सरकारी शिक्क्याच्या पाच लिटरच्या मापात पेट्रोल काढून बघायचं आणि परत टाकीत ओतायचं. पण खरं सांगते, आम्ही ते उरकायचो. काढलं, ओतलं, झालं. त्या दिवशी मी माप पुढं आणलं, रस्त्यावरून दिसेल असं. चार रिक्षावाले आणि आमचे मालक, हाताची घडी घालून. पहिलं मशीन बरोबर रेघेला. दुसरं बरोबर रेघेला. मी लई ताठ झाले. तिसरं मशीन माझं, मी रोज उभी राहते ते. त्याचं पेट्रोल रेघेच्या खाली थांबलं. परत काढलं, परत खाली.

रिक्षावाले वाकून रेघ बघायला लागले. मालक हसलेसुद्धा नाय. शबाना कानात म्हणली, दीदी, डाल दो टाकी में, बोलो मशीन ठंडा है. मला वाटलं, जगाला झिरो बघा म्हणते मी, आणि आपली रेघ काही बघितली नाय. नळी अडकवली, खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर लिहिलं, बंद, माप कमी आहे, आणि मशीनला लावला.

नऊला शेठ आले. म्हणाले, अगं बाई, नुसतं बंद लिहायचं होतं, पुढचं कशाला लिहिलंस, समोरच्याला आयतं ताट वाढलंस. म्हणलं, शेठ, पाच जणांनी बघितलंय. ते म्हणाले, मग तू घरी जा. गेले घरी. तीन दिवस नुसती भांडी घासली, घासलेलीच परत घासली. चौथ्या दिवशी शबानाचा फोन, मशीन दुरुस्त झालं, वजनमापवाले शिक्का मारून गेले, आ जाओ, शेठ बुला रहे. रिक्षावाले येऊन विचारत होते म्हणे, पुठ्ठा लावणारी बाई कुठंय.

आता रोज सहाला माप पुढंच ठेवते, कोणीही बघावं. समोर अजून रुपया कमीच आहे, अर्ध्या रिक्षा तिकडंच जातात, पण घरी कोणाला बसवलं नाय. परवापासून समोरच्यानंही माप बाहेर आणलंय. त्याचंही भलं होवो, त्याच्याकडंही माणसं कामाला आहेत. तुमची नातवंडं तिकडं म्हणे स्वतःच नळी धरून पेट्रोल टाकतात, देव त्यांना सुखात ठेवो, झिरो बघत जा म्हणावं.

आमचे मालक आता माझ्याच मशीनला येतात. शंभराचं कधी नाय मागत, एकशे दहाचं टाक म्हणतात, शंभरच्या आकड्यात पंपवाले मारतात अशी सगळ्या रिक्षावाल्यांची समजूत, ती काही जात नाय. मी म्हणते, झिरो बघा. बघितलं, म्हणतात, आणि बघत असतात रस्त्याकडं.