कोपऱ्यातली कोरडी वाटी

ऐका गं बायांनो, जवळ सरका. सगुणा पाण्यातल्या आसरादेवीला नवस बोलली होती, "आसरामाये, विहिरीला पाणी राहू दे. मोटर सुरू झाली की पहिली ओंजळ तुझी." पाणी राहिलं. शेतात पाणी फवारणारे तुषार संच आले. ओंजळ मात्र राहूनच गेली!

त्या साली ओढ्याकडच्या कोपऱ्यात भुईमूग पिवळा पडला. सगुणाचा नवरा सोपान म्हणाला, "भिवाच पाणी तोडतोय." भिवा म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, बांधापलीकडचा. कृषी सहायक म्हणाले, "वारा पडला की शेतभर सारख्या वाट्या मांडा, तुषार चालवा. कुठं किती पाणी पडतं, वाटीच सांगेल."

"कोपऱ्यातली कोरडी निघाली," सोपान गुरगुरला, "तर भावाचं तोंड बघणार नाही!"

लाईट रात्रीचीच. सोपान मोटरीपाशी बसला. सगुणा बॅटरी घेऊन ओढ्याच्या वाटेनं वाट्या बघायला निघाली. एकटी हं!

पहिली वाटी अर्धी. पुढची अर्धी. कोपऱ्यातली? कोरडी! पण ऐका, भोवतीची माती चिंब, पानं निथळतायत. मग वाटीतलंच पाणी गेलं कुठं?

"भावजी, चेष्टा पुरे," ती पुटपुटली. मागं वळली. मघाची अर्धी वाटी, तीही कोरडी! तिच्या पलीकडची, तीही! अन् अंधारात कुणीतरी घटाघटा पितंय.

"वहिनी, इकडं या." भिवाचा आवाज. ती तोंड उघडणार, तोच आठवलं, रात्री पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते.

"अगं सगुणे!" आता सोपानचा आवाज. पण मोटर तर पार त्या टोकाला!

अन् तिसरी हाक? बायांनो, तिच्याच आवाजात! अगदी कानाशी! "पहिली ओंजळ कुणाची गं?"

सगुणाला राहिलेला नवस आठवला. तशीच तिनं तुषाराखाली ओंजळ धरली, भरली, मातीवर सोडली. "तुझी, माये!" घटाघटा थांबलं. पण पदर कुणीतरी धरला. पदर टरकन फाटला, अन् मागं न बघता ती जी पळाली!

सकाळी दोघे भाऊ शेतात गेले. सगळ्या वाट्या सारख्या भरलेल्या. कोपऱ्यातलीसुद्धा. तिच्यात सगुणाच्या पदराचा तुकडा तरंगत होता.

"दादा, काय म्हणते वाटी?" भिवानं विचारलं.

सोपानची मान खाली. "चहाला चल," एवढंच म्हणाला.

तेव्हा दिवेलागणीनंतर त्या ओढ्याच्या वाटेला जाऊ नका. अन् लेकींनो, तुम्हीही काही नवस बोलला असाल, तर पाणी सुरू झालं की पहिली ओंजळ तिची तिला द्या. माय रुसते खरी, पण तिचं तिला पोचलं की सगळ्यांना सारखं देते.