फायनलचं टेबल

कडूबा : ...एवढंच लिवायचं, मॅडम. मशीन जुनी झाली, म्हून माल परत येतोय. नवी घ्या. खाली तुमची सही.

नुसरत : मशीन ठणठणीत आहे, कडूबाभाऊ.

कडूबा : ते मला ठाऊक हाय.

नुसरत : मग मला कशाला बोलावलं? ब्रेकच्या पिना कंपनीकडून परत का येतात, ते शोधायला ना? आठवडाभर तुमच्या शेडमध्ये उभी राहिले. चीर पडलेली पिन तुमच्या दादांच्या शेवटच्या तपासणीच्या टेबलावरून पास होते. सोनाजीभाऊंना ती चीर दिसतच नाही.

कडूबा : हळू बोला. खालीच हायेत दादा.

नुसरत : म्हणजे हेही तुम्हाला माहीत होतं.

कडूबा : समद्यांला ठाऊक हाय. दादा जेवायला गेले की त्यांनी पास केलेला माल आपली कामावरची सारजाबाई पुन्हा बघती. तिच्या नजरंतून एखादी सुटली, तर ती परत येती.

नुसरत : या अल्ला. सगळा कारखाना मिळून एका माणसापासून लपवतोय?

कडूबा : लपवीत नाय. मान राखतोय.

नुसरत : कसला मान? ती पिन कुणाच्या तरी मोटारसायकलला बसते, भाऊ. मागं बायको बसलेली असते, पुढं पोर. सारजाबाई एक दिवस आजारी पडली तर?

कडूबा : म्हून तर म्हणतो, नवी मशीन लिवा, माल आपोआप तपासणारी. क्यामेऱ्याची. ती आली की दादाचं टेबल आपसूक उठतं. कुणी कुणाला काय बोलायचंच नाय.

नुसरत : कधी येईल ती?

कडूबा : बँकेचं जमलं की. सा म्हैन्यांत.

नुसरत : आणि तोवर?

कडूबा : तोवर सारजाबाई.

नुसरत : नाही जमणार. सल्लागाराकडं विकायला असतं काय? एक शब्द आणि खाली सही. ती एकदा खोटी ठरली की वाळूजच्या कुठल्या कारखान्याच्या फाटकातून मला आत घेतील?

कडूबा : मग खरं तुमीच सांगा दादाला. तुमी भायेरच्या. आपल्या तोंडातून निघंना ते दुसऱ्याच्या तोंडून वदवायचं, त्याच्यासाठीच तर तुमाला आणतेत मानसं.

नुसरत : तेही केलंय मी, बऱ्याच ठिकाणी. लोक मला शिव्या देतात, मी गाडीत बसून निघून येते. मालक हात झटकतो, मॅडमनं सांगितलं म्हणतो. इथं नाही करणार. मी संध्याकाळी माझ्या घरी जाईन. तुम्हा दोघांना एका चुलीवरचं खायचंय.

कडूबा : तुमाला नाय कळायचं. बाप गेला तवा मी रांगत व्हतो. ह्या मानसानं पाचोडच्या बाजारात आख्खा कळप इकला आन् पहिला लेथ आणला. एक कोकरू ठेवलं नाय. आजवर त्यांच्याम्होरं खुर्चीवर बसलो नाय मी. आन् कोणत्या तोंडानं म्हणू, दादा, तुमी आंधळे झाले?

(लोखंडी जिन्यावर पावलं वाजतात, एकेक पायरी जपून. कडूबा खुर्ची तापल्यासारखा उठून उभा राहतो. सोनाजी दारात येतो.)

सोनाजी : कडूबा, मॅडमला च्या पाजला का नुसताच बडबडतो?

नुसरत : झाला चहा, सोनाजीभाऊ. बसा.

सोनाजी : सापडलं का? माल का परत येतोय?

नुसरत : सापडलं. कडूबाभाऊ सांगतील.

कडूबा : मॅडम...

सोनाजी : त्यो कशाला? पैसे तुमाला दिलेत.

नुसरत : शोधायचे दिलेत. शोधलं मी.

सोनाजी : कडूबा?

कडूबा : काय नाय, दादा. मशीन...

नुसरत : मी पर्स उचलतेय, कडूबाभाऊ.

कडूबा : थांबा. दादा... टेबल.

सोनाजी : कुठलं टेबल?

कडूबा : तुमचं. फायनलचं. चीर पडलेली पिन तुमच्या हातून पास व्हती. तुमाला दिसंना झालंय, दादा.

सोनाजी : कोण म्हणतं? ह्या बाई? आठ दिसांच्या पाव्हण्या!

कडूबा : त्या नाय. मी म्हणतो.

सोनाजी : तू? आपल्या कळपात परकं मेंढरू शिरलं तर दिवेलागणीला वळखायचो मी. आन् मला दिसत नाय?

कडूबा : सारजाबाई तुमचा माल पुन्हा बघती. मीच सांगितलं तिला.

सोनाजी : कवापून?

कडूबा : पोळ्यापासून.

सोनाजी : आता शिमगा आला.

कडूबा : व्हय.

सोनाजी : म्हंजी पोळ्यापासून मी कामच करीत नव्हतो. नुसता बसत व्हतो. आन् तुमी समदे मला बसू देत व्हते.

कडूबा : दादा, तुमचा मान...

सोनाजी : मान? रडतं लेकरू गप बसावं म्हून त्याच्या हातात काय तरी देतेत, तसं टेबल दिलं व्हतं मला!

कडूबा : माझी जीभ रेटली नाय. मारा मला, पर असं बोलू नका.

सोनाजी : मॅडम, तुमी काय लिवणार?

नुसरत : मशीन चांगली आहे. त्या टेबलावर आजच दुसरं माणूस बसवा. एवढंच. आणि एक लिहिणार नाही, नुसतं सांगते. घाटीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन डोळे दाखवा. मोतीबिंदू असला तर निघतो.

सोनाजी : लिवा. सारजाबाईचं नाव घालून लिवा. काम तर तीच करती.

नुसरत : बरं.

सोनाजी : कडूबा, हिकडं ये.

कडूबा : जी, दादा.

सोनाजी : हात दे. जिना उतरायचाय. रोज कठडा चाचपत उतरतो, तुला कळू नये म्हून.