चाकाखालची लिंबं

बोला मंडळी, आई अंबाबाईचा — उदो! अंहं! हा काय उदो झाला? साबुदाण्याची खिचडी पोटात गेली की आवाज खाली बसतो होय? पुन्हा! — हां. आता कसं, आईच्या कानावर गेलं.

मंडळी, ऐका. आज अष्टमी. एकच प्रश्न विचारते, तेवढा पदरात बांधून बसा. न बोलावता जो दारात येतो — तो पीडा की प्रसाद?

पटकन मान हलवू नका! अतिथी देव म्हणून भिंतीवर रंगवून घेतलंय तुम्ही, आणि तिथंच फाटकावर पाटी — "कुत्र्यापासून सावध!" मग देवानं यायचं कुठनं? कौलं काढून?

माझी आई जात्यावर एक ओवी म्हणायची. टाळकरी, धरा —

*दार वाजतं तोवर घर,*
*मग नुसत्या भिंती चार!*

आता कथेला लागते. कृष्णाकाठच्या एका गावात रंगनाथमामा देशिंगकर राहायचे. पिठाची गिरणी चालवता चालवता म्हातारे झालेले. गिरणी बंद केली तरी भुवयांतलं पीठ काही गेलं नाही! मूलबाळ नाही. घरात बायको इंदूमामी, आणि दारात एक गाडी. फियाट! जुन्या घडणीची, बाटलीसारखी हिरवी, पुढची सीट बाकासारखी सलग. एका डॉक्टरांकडून घेतलेली.

आणि चालवायचं कोण? मामा? छे हो! मामांनी एकदा हातात घेतली, ती थेट दळणाच्या डब्यांवर! गहू एकीकडं, ज्वारी एकीकडं, आणि बायका पदर खोचून मामांच्या मागं! तेव्हा मामी म्हणाली, "अहो, तुम्ही दळा. गाडी मी बघते." नऊवारी नेसून, कपाळावर हे एवढं कुंकू लावून बाई गाडी चालवायला लागली. अख्खा बाजार थांबून बघायचा. हसाल तर हसा! त्या काळी हसलेल्यांच्या सुना आज स्कूटरवरनं भाजीला जातात.

मामा डाव्या हाताला बसायचे. मांडीवर चहाचा थर्मास. त्यांचं काम एकच — "इंदू, पुढं गतिरोधक आहे." आणि मामीचं उत्तर ठरलेलं — "दिसतोय मला. डोळे आहेत." प्रत्येक गतिरोधकाला! जन्मभर! कुणी माळ ओढतं, कुणी पोथी वाचतं. या दोघांचं नामस्मरण हे असं.

मग मामी गेली.

पेटी थांबवा जरा. काही ठिकाणी सूर नको.

मामी गेली. गाडी राहिली. मामा रोज सकाळी फडक्यानं ती पुसायचे, आणि मग आत बसायचे. कुठं? डावीकडंच. सलग सीट, नुसतं सरकलं तरी स्टिअरिंगपाशी जाता येईल! पण सरकले नाहीत. डावीकडनंच वाकून किल्ली फिरवायचे, इंजिन जरा फुरफुरू द्यायचे, बंद करायचे. थर्मास मांडीवर. उजवी जागा रिकामी.

आणि मंडळी, दार वाजायला लागलं!

जुन्या गाडीला गिऱ्हाईक फार. आम्ही म्हाताऱ्या झालो तर कुणी विचारत नाही, पत्रा म्हातारा झाला की पुण्याहून माणसं येतात! एक आला, "आजोबा, विकायची का? हॉटेलच्या दारात ठेवीन, आत फुलझाडं लावीन." फुलझाडं! एक जोडपं आलं, त्यांना लग्नाच्या फोटोला पाहिजे होती. एक भंगारवाला पत्रा टिचकीनं वाजवून बघायला लागला, त्याला मात्र मामांनी फाटकापर्यंत पळवला.

बाकी कुणाला मामा लगेच नाही म्हणायचे नाहीत. लबाड म्हातारा! म्हणायचे, "बसा. चहा घ्या. अहो, चालवून बघितल्याशिवाय कुणी गाडी घेतं का? मारा एक चक्कर." गिऱ्हाईक खूश! ते उजवीकडं बसायचं, मामा डावीकडं. नदीपर्यंत जायचं, घाटावरनं वळायचं, शाळेवरनं परत. वाटेत मामा हळूच म्हणायचे, "पुढं गतिरोधक आहे हं." कुणी म्हणायचं थँक्यू, कुणी नुसती मान हलवायचं. फाटकाशी उतरले की मामा हात जोडायचे — "नाही बुवा. विकायची नाही."

पेट्रोल मामांचं, चहा मामांचा! म्हणजे फसवलं का कुणाला? तुम्हीच ठरवा. मी आपली कथा सांगते, न्यायनिवाडा करत नाही.

तर असं चाललेलं. आणि इथं मामांची जीभ घसरली. देवळाच्या पायरीवर बसून कुरकुरायचे, "काय छळ लावलाय लोकांनी! सुखानं जेवू देत नाहीत. सारखं आपलं विकायची का, विकायची का!" आता हे गाऱ्हाणं कसलं, ते आपल्याला कळतं. ज्या बाईकडं पाहुणे फार, ती नाही का म्हणत — बाई बाई, माझी पाठ मोडली! मोडलेली नसते हो पाठ. मिरवत असते ती!

पण ऐकणारीला कळलं नाही. ऐकणारी कोण? शेजारची पारूबाई हिंगमिरे. दुधाचा धंदा, स्वतः टेम्पो चालवते, दुधाचे भरलेले कॅन एका हातानं उचलते. जीभ अशी की दुधात पाणी घालणारा तिला बघून रस्ता बदलतो. पण माया! मामीच्या शेवटच्या आजारात रोज पेज करून नेली ती हिनंच.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "मामा, आता बघाच तुम्ही. एकाला फिरकू देत नाही." कॅनवर नाव घालतात ना, तोच लाल रंग घेतला, पत्रा घेतला, आणि लिहिलं — "गाडी विकायची नाही. विचारू नये. विचारल्यास अपमान होईल." खाली आपलं नाव! आणि पाटी तारेनं फाटकाला घट्ट बांधली.

मामा काय म्हणणार? म्हणाले, "बरं केलंस, पारू."

मंडळी, दार वाजायचं थांबलं.

पहिल्यांदा मामांना वाटलं, शेतीची घाई असेल. मग वाटलं, फाटकाची कडी गंजली असेल, लोकांना वाजवता येत नसेल. म्हणून तिला तेल घातलं. कडी मऊ झाली. वाऱ्यानं वाजायची, तीही वाजायची थांबली.

दुपारी ओसरीवर बसायचे. समोर कप पालथे घालून ठेवलेले, आला कुणी तर असावेत म्हणून. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या. मामा मुंग्यांना म्हणाले, "घ्या, तुम्ही तरी घ्या."

एकदा खरंच फाटकाशी गाडी थांबली! मामांनी ऐकलं. आधण ठेवलं, धोतर झटकलं, टोपी घातली, लगबगीनं बाहेर आले. तर तो भला माणूस पाटी वाचून लांबूनच हात जोडत होता. म्हणाला, "माफ करा काका, पाटी बघितली नव्हती." गेला! मामांनी हात वर केला होता, तो तसाच. आत चहा उतू जाऊन स्टोव्ह विझला.

तुम्ही म्हणाल, पाटी का नाही काढली? मला सांगा, कशी काढायची? सगळ्या देवळासमोर छळ छळ म्हणून ओरडलेला माणूस तो! पोरीनं मायेनं बांधलेली पाटी! आता काय म्हणायचं — पारू, मला छळ पाहिजे होता? असं तोंडानं म्हणता येतं का कुणाला? तुम्ही म्हणाल?

*दार वाजतं तोवर घर…*

पुढचं मी नाही म्हणत. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

अशात खंडेनवमी आली. उद्या आहे तीच! हत्यारं पुजतात, वाहनं धुतात, झेंडूच्या माळा घालतात. मामांनी गाडी न्हाऊ घातली. हळदकुंकू वाहिलं. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. लिंबं ठेवली की गाडी त्यांच्यावरनं गेलीच पाहिजे, ही आपली रीत. लिंबू फुटलं की दृष्ट फुटली. मामी होती तेव्हा मामी चालवायची. मामी गेल्यावर देवीची कृपा, नवमीला कुणी ना कुणी गिऱ्हाईक टपकायचंच. "आलाच आहात तर जरा चार हात पुढं घ्या हो," म्हणायचे मामा. फट् फट् फट् फट्!

या नवमीला मामा फाटकाकडं बघत बसले. ऊन कलत गेलं. कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. पारूबाईनं सकाळचं दूध घातलं, टेम्पो लावला, आणि आपट्याची पानं घेऊन सोनं द्यायला आली. येताना आळीतलं प्रत्येक चाक बघत आली, सवयच बायांना! ट्रॅक्टरखाली लिंबू फुटलेलं. मोटारसायकलीखाली फुटलेलं. तिच्या टेम्पोनं तर असं चिरडलेलं की साल रस्त्याला चिकटलेली.

आणि मामांच्या फियाटखाली? अख्खी! चारीच्या चारी! उन्हानं जरा मलूल झालेली, पण अख्खी.

"मामा, हे काय? लिंबं तशीच? अपशकुन करता काय सणाचा?"

मामा डावीकडं बसले होते. थर्मास मांडीवर. म्हणाले, "चालवणार कोण, पारू?"

एवढंच म्हणाले. गाऱ्हाणं नाही. कुरकुर नाही. या वेळी दुखणं खरं होतं ना, मग आवाज कशाला निघेल?

पारूबाईनं रिकामी सीट बघितली. ओसरीवरचे पालथे कप बघितले. मग मागं वळून फाटकावरची आपली लाल अक्षरं बघितली, आणि बाई जागच्या जागी थिजली.

गेली फाटकाशी. दातानं तार सोडली. पाटी काढली. बाहेर गेली, फाटक लावून घेतलं, आणि कडी वाजवली. जोरात!

"कोण आहे?" मामा आतून.

"गिऱ्हाईक आहे! गाडी विकायची का?"

गाडीत मामांनी टोपी सरळ केली. म्हणाले, "विकायची नाही."

"भाव वाढवून देईन!"

"नाही म्हणजे नाही! एकदा सांगून कळत नाही? काय छळ लावलाय लोकांनी!" आणि लगेच — "पण… आलाच आहात तर चालवून बघा. बघायला काय जातंय?"

पारूबाई फाटक सताड उघडून आली, उजवीकडं बसली. किल्ली फिरवली. फट्! फट्! फट्! फट्!

गाडी नदीकडं निघाली. घाटावरनं वळून शाळेपाशी आली, तेव्हा मामा समोर बघत होते, सवयीनं, आणि सवयीनंच बोलून गेले —

"इंदू, पुढं गतिरोधक आहे."

थर्मासावरची बोटं घट्ट झाली. चूक कळली होती म्हाताऱ्याला.

पारूबाईनं गाडी हळू केली. मामीच्या गाडीत मागं बसून कितीदा ऐकलेलं तिनं. वळून बघितलं नाही. म्हणाली —

"दिसतोय मला. डोळे आहेत."

बोला अंबाबाईचा उदो!

पुसू नका डोळे, आधी ऐका. सुरुवातीला काय विचारलं होतं? पीडा की प्रसाद? आता तुमचं मला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की पारूबाईला डोळे होते, पण चाकाखाली बघेपर्यंत दिसलं नव्हतं.

उद्या नवमी. तुम्ही गाड्या धुवाल, माळा घालाल, लिंबं ठेवाल. फुटतील तुमची! घरात माणसं आहेत. पण तुमच्या आळीत असं एक दार असेल, ज्याची कडी वाजत नाही. असेल का? आहे! आत्ता ज्याचं नाव मनात आलं, तेच!

तिथं जा. उपकार करायला जाऊ नका, भेट म्हणून फळं नेऊ नका, म्हातारी माणसं ते ओळखतात आणि दार लावून घेतात. मागायला जा! विरजण मागा. विळी मागा. नाही म्हणतील, म्हणू देत! नाही म्हणायला तरी समोर माणूस लागतो, मंडळी.

चला, आरतीचं ताट आणा. आणि ते पाठीमागचं दार कुणी लावलंय? उघडा ते.